निळ्या शाईची परीक्षा

शाई हा शब्द फारसीतल्या 'सियाही'वरून मराठीत आला. सियाह म्हणजे काळा. म्हणजे 'निळी शाई' असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर 'निळा काळेपणा' असं म्हणत असतो. दौत आणि कलम अरबीतून आले, कागद फारसीतून. बोरू मात्र इथलाच. आणि टीपकागदात तर दोन्ही नांदतात: टिपणं इथलं, कागद तिकडचा. ही सारी मंडळी मराठीच्या घरात इतकी मुरली आहेत की त्यांना त्यांचं गाव विचारायचं कुणाला सुचत नाही. मी उर्दू बोलणाऱ्या घरात वाढलो आणि मराठीत कविता लिहितो, म्हणून मला ते सुचतं, एवढंच.

जुन्या शाईला काळी म्हणणं योग्यच होतं. दिव्याचं काजळ डिंकाच्या पाण्यात तासन् तास घोटून ती तयार होत असे. काजळ म्हणजे कार्बन. त्याला ऊन खात नाही, हवा खात नाही. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद पाहा. कागद पिवळा पडलेला असतो, कडा झडलेल्या असतात, पण अक्षर काळं कुळकुळीत. त्या शाईला भीती एकाच गोष्टीची, पाण्याची. कारण ती कागदावर बसते, कागदाच्या आत फारशी शिरत नाही. ओल्या बोटानं चोळली की सुटू लागते.

पण ही शाई फाउंटन पेनला चालत नाही. निबेची चीर केसासारखी बारीक असते. निबेखाली जी जीभ असते, तिच्यातल्या खाचेतून शाई खाली उतरते आणि तिच्या जागी हवा वर जाते. काजळाचे कण आणि डिंक ही वाट बुजवून टाकतात. म्हणून फाउंटन पेनसाठी पाण्यात पूर्ण विरघळलेली, पातळ शाई लागते, आणि तिथूनच आपल्या निळ्या शाईची गोष्ट सुरू होते.

या गोष्टीत १९३१ हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या पार्कर कंपनीनं 'क्विंक' ही लवकर वाळणारी शाई बाजारात आणली. त्याच वर्षी मुंबईत गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या बंधूंच्या साथीनं 'हॉर्स' छापाची शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. वडी पाण्यात विरघळवायची की दौत तयार. पुढे 'कॅमल' शाई आली आणि तिच्या नावावरूनच कॅमलिन हे नाव घराघरांत पोचलं. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीनं त्यात मोठा हिस्सा घेतला. बंगालमध्ये १९३४ साली स्वदेशीच्या भावनेतून 'सुलेखा' शाई निघाली. आपल्या शेजारच्या वर्ध्याचाही यात वाटा आहे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी घडवलेलं स्वदेशी फाउंटन पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहूनच रत्नम यांना आभाराचं पत्र पाठवलं. पेन देशी झालं, शाई देशी झाली. मग ती शाळेत गेली, कचेरीत गेली, आणि मुलांच्या बोटांवर, खिशावर, कंपासपेटीत सगळीकडे सांडली.

आता बाटलीच्या आत काय असतं ते पाहू. दुकानात 'निळी' म्हणून मिळणाऱ्या शाईचे ढोबळमानानं दोन वंश आहेत.

पहिला वंश रंगाचा. १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला मलेरियावरचं औषध शोधताना योगायोगानं जांभळा कृत्रिम रंग सापडला. त्यानंतरच्या काही वर्षांत डांबरापासून निघणाऱ्या रसायनांतून निळे, लाल, हिरवे रंग धडाधड तयार होऊ लागले. 'रॉयल ब्लू' म्हणून ओळखली जाणारी, कपड्यावरून धुऊन निघणारी शाई याच कुळातली. पाणी, निळा रंग, थोडं आम्ल, बुरशी धरू नये म्हणून एखादं औषध, आणि शाई पेनमधून नीट वाहावी म्हणून काही मिसळी, असा तिचा संसार.

दुसरा वंश लोखंडाचा. यातली दोन नावं आपल्या घरात पूर्वीपासून आहेत: हिरडा आणि मायफळ. बाळगुटी उगाळणाऱ्या आजीला ही दोन्ही ओळखीची. दोहोंत तुरटपणा भरपूर, त्याला रसायनशास्त्रात टॅनिन म्हणतात. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचं एक क्षार, टाकलं की पाणी बघता बघता काळसर होतं. हीच लोहयुक्त शाई. बाटलीत आम्लामुळे ती पातळ आणि फिकी राहते. कागदावर उतरली की हवेतला प्राणवायू तिला लागतो आणि ती हळूहळू काळी पडते. हा काळेपणा पाण्यात विरघळत नाही, आणि तो कागदाच्या तंतूंत शिरून बसलेला असतो. लिहिताना अक्षर दिसावं म्हणून तिच्यात निळा रंग मिसळतात. म्हणून तिचं नाव निळी-काळी, 'ब्लू-ब्लॅक'. लिहिताना निळी आणि काही दिवसांनी काळी. भारतीय मानकांतही लोखंडाची शाई आणि नुसत्या रंगाची शाई यांसाठी वेगवेगळे निकष आहेत. मात्र आज 'ब्लू-ब्लॅक' असं लिहिलेल्या प्रत्येक बाटलीत लोखंड असतंच असं नाही. पुष्कळदा तो नुसता गडद रंग असतो.

हे सगळं पुस्तकी वाटेल. पण काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या एक वृद्ध खाला एक घडी घातलेला कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि मला या विषयाकडे नीट बघावं लागलं. लिहिता-वाचता माणूस म्हणून लोक अर्ज लिहायला, जुने कागद वाचून घ्यायला येतात. तो त्यांचा निकाहनामा होता. पती वारले होते आणि घराच्या वाटणीत त्यांना विवाहाचा पुरावा हवा होता. कागद उघडला तर छापील मजकूर लख्ख. 'वराचं नाव', 'वधूचं नाव', 'मेहेरची रक्कम', सगळे रकाने जागच्या जागी. पण त्या रकान्यांत हातानं भरलेलं सारं आभाळाच्या फिक्या रंगाचं झालं होतं. दोन ठिकाणी पाण्याचा ओघळ गेलेला, तिथं तर तेही नव्हतं. छपाईची शाई काजळाची, म्हणून फॉर्म टिकला. माणसांची नावं रंगाच्या शाईत होती, ती गेली.

खालांचं काम पुढे झालं, कारण काझींच्या दफ्तरात त्याच निकाहाची नोंद होती आणि ती निळ्या-काळ्या शाईत होती. पान तपकिरी झालं होतं, तरी अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. एकच दिवस, एकच विवाह, बहुधा एकाच माणसाचं हस्ताक्षर, आणि शाया दोन. तेव्हापासून शाई विकत घेताना तिचा रंग किती गोड आहे हे पाहणं मी सोडलं आणि तिची परीक्षा घेऊ लागलो. ती परीक्षा कुणालाही घरी घेता येते, म्हणून इथं सविस्तर सांगतो.

तीन बाटल्या घ्या. एक धुतली जाणारी साधी निळी, एक 'परमनंट' असं लिहिलेली निळी, आणि एक लोखंड असलेली निळी-काळी. पेन मात्र एकच घ्या आणि दर वेळी पाण्यानं स्वच्छ धुऊन, वाळवून मग दुसरी शाई भरा. कागदही एकच हवा. पेन बदललं, कागद बदलला, की परीक्षा शाईची होत नाही. प्रत्येक पट्टीवर तेच वाक्य लिहा आणि खाली तारीख टाका.

पहिली चाचणी चालीची. शाई निबेतून अखंड उतरते का? टोपण काढून पेन दोन मिनिटं तसंच ठेवलं तर पहिलं अक्षर उमटतं का? नागपुरात ही चाचणी मे महिन्यात घ्यावी. २३ मे २०१३ रोजी इथं ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं, हे आपल्यापैकी अनेकांच्या अंगाला आठवत असेल. अशा कोरड्या हवेत निबेच्या टोकावरचं पाणी उडून जातं आणि शाई घट्ट होते. दुसरीकडे, खिशातलं अर्धं रिकामं पेन गळतं. त्याचं कारण शाई नव्हे, पेनमधली हवा. पंधरा अंशांनी तापलेली हवा सुमारे पाच टक्के फुगते. पेनमध्ये एक मिलिलीटर हवा असेल, तर एक थेंबभर शाई बाहेर ढकलली जाते. सदऱ्याच्या खिशाला तेवढा थेंब पुरतो. म्हणून उन्हाळ्यात पेन पूर्ण भरलेलं ठेवावं आणि निब वर करून खिशात लावावं.

दुसरी चाचणी वाळण्याची आणि फुटण्याची. लिहून झाल्यावर पाच, दहा, पंधरा सेकंदांनी बोट फिरवा. कितव्या सेकंदाला फरफटा उमटत नाही ते लिहून ठेवा. अक्षराच्या कडेला कोळ्याच्या पायांसारख्या रेघा फुटतात का, आणि पानाच्या मागे मजकूर उमटतो का, हेही बघा. आपल्याकडे याचा संबंध कूलरशी आहे. कूलरसमोर ठेवलेली वही ओल शोषून घेते आणि एरवी नीट वागणारी शाई त्या पानावर फुटते. श्रावणातही तेच होतं. मी एकच शाई दुपारी बंद खोलीत आणि रात्री कूलरसमोर तपासली, तर दोन वेगळ्या बाटल्या वाटाव्यात इतका फरक दिसला.

तिसरी चाचणी पाण्याची. लिहून एक दिवस झाल्यावर अक्षरांवर पाण्याचा थेंब ठेवा, एक मिनिट थांबा आणि टीपकागदानं टिपून घ्या. माझ्याकडे साध्या निळीचं तळं झालं, अक्षराची नुसती सावली उरली. 'परमनंट' निळीचा थोडा रंग सुटला, पण वाचता आलं. निळ्या-काळीचा वरवरचा निळा रंग वाहून गेला आणि खाली राखी, स्पष्ट अक्षर जागेवर राहिलं.

चौथी चाचणी स्वयंपाकघरातली. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब साध्या निळीवर टाकला की रंग विरतो. त्या रंगाच्या रेणूच्या मधोमध असलेल्या कार्बनला अल्क जाऊन चिकटतं आणि ज्या रचनेमुळे तो निळा दिसतो ती रचनाच मोडते. जर्मनीत शाळेतली मुलं आजही अशी निळी शाई वापरतात आणि चुकलेला शब्द 'शाईपुसणी' पेनानं घालवतात. त्यातलं रसायनही तसंच काम करतं. गंमत म्हणजे शाई कागदावरून जात नाही, फक्त दिसायची थांबते. निळ्या-काळीच्या लोखंडी अक्षराला याच सोड्यानं सहज हार जात नाही. पण तिच्यावर लिंबाचा रस टाका. लिंबातलं आम्ल लोखंडाला आपल्याकडे ओढून घेतं आणि काळेपणा उतरू लागतो. शाईचे जुने डाग लिंबू आणि मीठ लावून काढायच्या बायकांच्या युक्तीमागे हेच शास्त्र आहे. नागपूरकर असल्यामुळे मी संत्र्याचा रसही टाकून पाहिला. अक्षराचं फार बिघडलं नाही, पान तेवढं चिकट झालं. सांगायचा मुद्दा असा की प्रत्येक शाईचा एक वैरी असतो. एकीला सोडा मारतो, दुसरीला लिंबू.

पाचवी चाचणी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत संथ, उन्हाची. पट्टी मधोमध कापा. अर्धी पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला लावा, अर्धी जाड पुस्तकात ठेवा. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पट्ट्या लावल्या आणि सहा आठवड्यांनी जोड्या जुळवून पाहिल्या. साधी निळी जवळजवळ गेली होती, तिरपा उजेड धरल्यावर वाक्य लागत होतं. 'परमनंट' निळी निम्म्यावर आली होती. 'परमनंट' हा शब्द पाण्याविषयी बोलतो की उन्हाविषयी, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, ते असं कळतं. निळ्या-काळीचा निळेपणा पूर्ण उडाला होता आणि अक्षर राखी-तपकिरी होऊन उभं होतं. पुस्तकातल्या तिन्ही पट्ट्या मात्र कालच्यासारख्या होत्या. जगभरच्या प्रयोगशाळांतही रंगाचा उन्हातला टिकाऊपणा असाच तुलना करून मोजतात. तिथं मोजपट्टी असते ती निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीच्या आठ तुकड्यांची. पहिला तुकडा सर्वांत लवकर उडणारा, आठवा सर्वांत चिवट. आपल्याला लोकर नको, खिडकी आणि सवड पुरते.

या परीक्षेतून कोण पहिलं आलं, असं विचाराल तर मी नंबर देणार नाही. साध्या निळीला नापास करणं तिच्यावर अन्याय होईल. ती पुसली जावी म्हणूनच बनवलेली आहे. मुलाच्या शर्टावर सांडली तर आईला रडू येऊ नये, पेनमध्ये वाळली तर पाण्यानं सुटावी, हे तिचं काम, आणि ते ती चोख करते. कवितेचा कच्चा खर्डा मी अजून तिच्यातच लिहितो. दहा ओळींतल्या आठ जायच्याच असतात. त्या अमर करून कुणाचं भलं होणार आहे? पण जी ओळ पक्की झाली ती मी निळ्या-काळीत उतरवून घेतो.

नोंदवही, करारनामा, निकाहनामा, शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख, सोसायटीच्या सभेचा वृत्तान्त हे कच्चे खर्डे नव्हेत. तिथं लोखंडाची शाई किंवा रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची शाई हवी. इंग्लंडमध्ये विवाहाच्या नोंदी अशा खास लोखंडी शाईतच करायची पद्धत होती. २०२१ मध्ये त्या नोंदी संगणकावर गेल्या. बॉलपेन हाही पूर्ण भरवशाचा उपाय नाही. त्याची तेलकट शाई पाण्याला दाद देत नाही, पण पुष्कळ बॉलपेनांत रंगच असतो आणि तो उन्हात उडतो. लोखंडी शाईलाही पथ्य आहे. ती आम्लधर्मी असते, पेनमध्ये महिनोन् महिने वाळू देऊ नये, तीन-चार आठवड्यांनी पेन धुवावं. जुन्या काळच्या तीव्र शाईनं कागद खाल्ल्याची उदाहरणंही आहेत. पेनसाठीची आजची शाई तिच्यापेक्षा पुष्कळ सौम्य असते.

आणि घरात जे कागद आधीच साध्या निळीत लिहिलेले आहेत त्यांचं काय? घाबरून लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि त्यातून उजेड आत जातच राहतो. भिंतीवर फ्रेम करून लावू नका. आपल्या जुन्या दफ्तरांत कागद कापडी रुमालात बांधून ठेवत. त्यात मोठं शहाणपण होतं. हवा खेळती राहते आणि उजेड पोचत नाही. सुती कापड किंवा कागदी पाकीट, कूलरपासून दूर, गच्चीखालच्या ओलीपासून दूर, एवढं केलं तरी त्यांचं आयुष्य वाढतं. आणि अक्षर दिसतं आहे तोवर त्याची झेरॉक्स काढून घ्या. झेरॉक्सची भुकटी बहुधा कार्बनची असते, म्हणजे आपल्या जुन्या काजळाचीच नातलग. लोखंडी शाईतलं अक्षर फिकं झालं असेल तर जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, दिव्याखाली ते पुष्कळदा पुन्हा वाचता येतं. नुसत्या रंगाच्या शाईबाबत तशी खात्री देता येत नाही.

ज्यांच्या घरी शाईची बाटली आहे त्यांनी आज एक करावं. त्या शाईत एका कागदावर दोनदा आपलं नाव लिहावं, खाली तारीख घालावी आणि कागद कापून एक तुकडा खिडकीला लावावा, दुसरा पुस्तकात ठेवावा. दोन महिन्यांनी दोन्ही शेजारी धरून बघावेत. मग मुलीच्या जन्माच्या दाखल्याचा अर्ज कोणत्या शाईत भरायचा आणि वाण्याची यादी कोणत्या, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईल.